आतोबांचा हातगुण

आमच्या आत्याकडे कोणी पाहुणा आला की त्याला आधी मागच्या खोलीत नेतात. पाणी नंतर. मागच्या खोलीच्या खिडकीतून एक डोंगर दिसतो, पायथ्यापासून खांद्यापर्यंत पाइनच्या झाडांनी गच्च भरलेला. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, पडदा बाजूला सारतात आणि थोरल्या मुलाची ओळख करून द्यावी अशा आवाजात म्हणतात, "हा मी लावला."

पाहुणा बिचारा "छान आहे हो" म्हणतो. डोंगराला आणखी काय म्हणणार?

आतोबा वनखात्यात होते. ऐन तारुण्यात त्यांची नेमणूक इथे झाली तेव्हा हा डोंगर उघडाबोडका होता आणि आतोबांच्या डोक्यावर भरगच्च केस होते. पुढे दोघांनी अदलाबदल केली, असं ते स्वतःच सांगतात आणि टकलावरून हात फिरवतात. मग येते हातगुणाची गोष्ट. रोपं लावून तीन हिवाळे झाल्यावर त्यांनी जगलेली रोपं मोजली, तर ती लावल्यापेक्षा जास्त भरली. वरच्या साहेबांनी कागद परत पाठवला, की शंभरातली शंभराहून जास्त जगतील कशी? आतोबांनी पुन्हा मोजली. पुन्हा जास्तच. शेवटी साहेबांनी आपल्या हाताने तो आकडा कमी करून घेतला आणि म्हणाले, "तुमच्या हाताला गुण आहे, पण तो कागदावर बसत नाही."

ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आतोबांना मध्येच ठसका लागला तर पुढची मी सांगतो.

मी या घरात आलो तो नोकरी नव्हती म्हणून. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली होती, पण आमच्या गावच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक कपाटात असायचा आणि कपाटाची किल्ली प्राचार्यांकडे. त्यामुळे सूक्ष्म असं काही मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं, माझे मार्क सोडून. वडिलांनी बहिणीला फोन केला. आत्या म्हणाली, "पाठव. हाताला बरा असला तर ठेवीन, नाहीतर आतोबांना बोलायला माणूस होईल." पहिली दोन वर्षं मी दुसऱ्या कामावरच होतो असं म्हणायला हरकत नाही.

आत्याचं काम झाडांच्या वलयांचं. थंड डोंगरावरचं झाड दर वर्षी लाकडाचा एक थर घालतं. वर्ष सुखाचं गेलं तर थर रुंद, हाल झाले तर अरुंद. झाड न तोडता हे वाचायचं असेल तर एक पोकळ गिरमीट खोडात सालीपासून गाभ्यापर्यंत फिरवत न्यायचं आणि आतून पेन्सिलीएवढी जाड लाकडाची कांडी काढायची. तिला आम्ही कोअर म्हणतो. कोअर कागदी स्ट्रॉमध्ये घालून आणायची, लाकडी पट्टीच्या खाचेत गोंदाने बसवायची, वाळली की पॉलिश पेपरने घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वलय मोजायचं. एका झाडाचं आयुष्य कळतं. शंभर झाडांचं जुळवलं की अख्ख्या रानाचं कळतं: कोण आधी आलं, कोण नंतर, कोणाला कोणी सावलीत मारलं.

पट्टीत कांडी बसवताना लाकडाचे धागे उभे ठेवायचे असतात. आडवे राहिले तर कितीही घासा, वलयं दिसत नाहीत, नुसतं लाकूड दिसतं. हे मला आत्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि पहिला महिनाभर मी इमानेइतबारे सगळ्या कांड्या आडव्या चिकटवल्या. आत्याने एक उचलली, भिंगाखाली धरली, खाली ठेवली. "फार सुंदर चिकटवलंयस," ती म्हणाली. "आता सगळ्या वाफेवर धरून सोडव."

एक गोष्ट मात्र मला चटकन समजली. शेजारचं मोठं झाड पडलं की त्याच्या सावलीत कुजत बसलेलं झाड एकदम रुंद वलयं घालू लागतं. त्याला आत्या 'सुटका' म्हणते. माझा थोरला भाऊ परगावी नोकरीला गेला त्या वर्षी मी चार इंच वाढलो आणि परीक्षेतही पास झालो, त्यामुळे मला हे सिद्ध करून दाखवावं लागलं नाही.

आता गंमत अशी, की आत्याने आयुष्यभर दूरदूरचे डोंगर धुंडाळले, पण खिडकीतल्या डोंगराला कधी गिरमीट लावलं नाही. त्याचं कारण लग्न. संशोधन करणारी तरुण मुलगी म्हणून ती आतोबांच्या कचेरीत परवानगी मागायला आली होती. आतोबा म्हणाले, "माझ्या झाडांना भोकं पाडायची नाहीत." ती म्हणाली, भोक डिंकाने आपोआप बुजतं. ते म्हणाले, तुमचंही बुजेल, म्हणून पाडून बघायचं का? यातून लग्न कसं जमलं हे मला दोघांनीही सांगितलेलं नाही, पण अट ठरली: जगातले सगळे डोंगर तुझे, हा एक सोडून.

गेल्या साली ही अट आतोबांनी स्वतःच मोडली. वनखात्यात एक नवे तरुण साहेब आले. पलीकडच्या खोऱ्यात एक मोठा उघडा उतार आहे, तिथे आतोबांसारखंच खड्डे खणून रान उभं करायचं त्यांच्या मनात होतं. त्याआधी आतोबांच्या डोंगराचा इतिहास शास्त्रशुद्ध लिहून हवा, म्हणून त्यांनी आत्याला अहवाल मागितला. आणि डोंगराच्या पायथ्याशी एक पाटी लावायची ठरवली: 'हे वन अमुक यांनी लावले.' अमुकच्या जागी आतोबांचं नाव.

आतोबांनी गिरमीट स्वतः माझ्या हातात दिलं. "जा, पाड भोकं. पुरावा हवाय ना त्यांना? आणि पाटीची अक्षरं जरा मोठी ठेवायला सांग, रस्त्यावरून वाचता आली पाहिजेत."

मी दोन आठवडे डोंगरावर होतो. गिरमीट छातीच्या उंचीवर लावायचं असतं, कारण तिथे माणसाला जोर देता येतो. आता झाड जन्मल्याबरोबर छातीएवढं नसतं, तेव्हा तिथवर पोचायला लागलेली वर्षं मोजणीत मिळवावी लागतात. मी पुस्तकात पाहून पाच वर्षं मिळवली आणि काय सांगू, झाडामागून झाडाचा जन्म नेमका आतोबांच्या लावणीच्या साली येऊ लागला. मला वाटलं, घराण्यात शास्त्रज्ञ एक नाही, दोन आहेत.

जेवताना मी ते जाहीर केलं. आतोबांनी चमचा खाली ठेवला आणि पावाचा मोठा तुकडा माझ्या ताटात सरकवला. त्यांच्या दृष्टीने हा जाहीर सत्कार होता.

आत्या सूप ढवळत होती. "किती वर्षं मिळवलीस?"

"पाच."

"पाच कुठून आणलीस?"

"पुस्तकात आहेत."

"ते पुस्तक कुठल्या डोंगरावर उगवलं?"

आतोबा म्हणाले, "पोराचं जरा बरं झालं की तुला बघवत नाही."

"बघवतं हो," आत्या म्हणाली. "म्हणूनच उद्या परत पाठवतेय. जमिनीलगत भोक पाड म्हणावं."

जमिनीलगत भोक पाडायचं म्हणजे गिरमिटाची मूठ दर फेऱ्याला मातीत आपटते. मग बुंध्याभोवती खणायचं, पोटावर आडवं व्हायचं आणि गाल चिखलात टेकवून एकेक अर्धा फेरा द्यायचा. जाणारा-येणारा थांबून बघायचा. एकाने विचारलं, "बरं वाटत नाही का?" शास्त्राची सेवा करणाऱ्या माणसाकडे लोक किती आपुलकीने बघतात हे तेव्हा कळलं.

त्या कांड्या मी घासल्या, या वेळी धागे उभे ठेवून, आणि भिंगाखाली धरल्या. गाभ्याशी वलयं इतकी बारीक होती की ती मोजताना डोळ्यांत पाणी आलं. ती सगळी छातीपर्यंत पोचण्याआधीची वर्षं. पाच नव्हती. बहुतेक झाडांत बारा-तेरा होती. म्हणजे आतोबा खड्डे खणायला आले तेव्हा ही झाडं आधीच तिथे होती. गवतात लपलेली, थंडीने खुरटलेली, मेंढ्यांनी कुरतडलेली, घोट्याएवढी. पण होती.

मी पट्टी आत्यापुढे ठेवली. तिने बघितलं, दुसरी बघितली, मग चष्मा काढून डोळे चोळत बसली. "एकसुद्धा नाही?"

"रस्त्यालगतची सात-आठ त्यांची असावीत. ओळीत आहेत आणि वयही जुळतं. वरचं एकही नाही."

"रोपवाटिकेतली रोपं असणार खालच्या उबदार मुलखातल्या बियांची. पहिल्याच हिवाळ्यात गेली असतील." ती उठून खिडकीशी गेली. "मला माहीत नव्हतं. पण इतकी वर्षं मी विचारलंही नाही, हेही खरं."

तिने पुढच्या दोन दिवसांत बाकीचं जुळवलं. ओहोळाच्या काठी काही म्हातारे ओक उभे आहेत. त्यांच्या कांड्यांत एका जागी वलयं एकदम रुंद होतात: सुटका. म्हणजे पूर्वी सगळा डोंगर ओकचा होता आणि तेव्हा शेजारचे सगळे ओक कोळशासाठी तोडले गेले. मग गवत आलं, गवतावर मेंढ्या आल्या, मेंढ्यांनी काही उगवू दिलं नाही. पुढे गावातली लोकरीची गिरणी बंद पडली, कळप कमी झाले, आणि कड्यावरच्या चार पाइननी बी खाली सोडलं. कोणी समारंभ केला नाही. आतोबा आले ते यानंतर.

"तू सांग त्यांना," आत्या म्हणाली.

"मी का? नवरा तुझा आहे."

"तुझं अजून लग्न व्हायचंय. सवय होईल."

मी त्या संध्याकाळी आतोबांशेजारी जाऊन बसलो. ते पाटीच्या मजकुराला एक ओळ वाढवावी का या विचारात होते. मी घसा साफ केला. "आतोबा, समजा..."

"समजा?" ते म्हणाले. "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. समजा-बिमजा नको, काय ते सांग."

मी म्हटलं, काही नाही, उद्या हवा चांगली आहे असं म्हणतात. मग उठून आत आलो. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या पदवीचं प्रमाणपत्र परत करावंसं वाटलं.

पण आतोबा सगळं आयुष्य वनखात्यात काढलेले. एखादी फाइल दाबून ठेवली आहे हे त्यांना वासाने कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत थेट आमच्या प्रयोगशाळेत आले. आत्याच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "दाखव."

आत्याने पट्टी भिंगाखाली ठेवली आणि नीट करून दिली. ते बराच वेळ बघत होते. त्यांना मोजता येत होतं. शेवटी ते त्यांचंही खातं होतं.

"मधली ही बारीक कसली गं?"

"लहानपणची. मेंढ्या खायच्या त्यांना."

"मी आलो ते साल कुठे आहे यात?"

आत्याने सुईच्या टोकाने दाखवलं. सुई गाभ्यापासून लांब होती. आतोबांनी भिंगातून डोळा काढला नाही. मी उगाच भुसा झाडत राहिलो, जिथे भुसा नव्हता तिथलाही.

मग ते हळूच म्हणाले, "खड्डा खणायच्या आधी भोवतीचं सगळं खुरटं उपटून टाका, असा माझाच हुकूम होता. मजूर विचारायचे, साहेब, यात पाइनसारखंही काही दिसतंय. मी म्हणायचो, टाका उपटून, आपल्याकडे चांगली रोपं आहेत." त्यांनी पट्टीवर बोट टेकवलं. "म्हणजे जी उपटायची राहिली, ती ही."

"अहो, कोणाला कळलं असतं तेव्हा?"

"मजुरांना कळलं होतं की." मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. "आणि तिसऱ्या वर्षी मी मोजली ती..."

आत्याने ओठ घट्ट मिटून चष्मा पुसायला घेतला. लावल्यापेक्षा जास्त जगलेल्या रोपांचं कोडं माझ्यासमोर सुटलं आणि मला हसू यायला लागलं. हे हसायचं ठिकाण नव्हे, म्हणून मी खोकलो. आतोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "हस रे. तुझ्या आत्याने दाबलंय, निदान तू तरी हस."

पण ते स्वतः हसले नाहीत. घरी गेल्यावर त्यांनी मागच्या खोलीचा पडदा ओढला. चार दिवस तो तसाच होता. त्यात आत्याची एक मैत्रीण आली, तिला सरळ पाणी मिळालं. ती घाबरून आत्याला म्हणाली, "यांची तब्येत बरी आहे ना?"

आत्या अहवाल लिहीत होती आणि एकाच वाक्याशी अडली होती. एकदा मी डोकावलो तर तिने लिहिलं होतं, 'लावणीचा परिणाम मर्यादित दिसतो.' मर्यादित. आमच्या घराण्यात एवढी मऊ भाषा पूर्वी कोणी वापरली नव्हती. आतोबांनी तो कागद जेवणाच्या टेबलावर पाहिला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "मर्यादित म्हणजे किती? तो साहेब हे वाचून पलीकडच्या उतारावर आधी साफसफाई करील आणि मग खड्डे मारील. मी केलं तेच. नीट लिही."

"तुमची पाटी जाईल."

"पाटीच्या आधी तो उतार जाईल. तो कधी खणणार आहे?"

"आखणी सुरू झाली म्हणे."

त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुला गाडी चालवता येते का?"

"येते," मी म्हटलं. आत्या म्हणाली, "येत नाही, पण नेईल."

त्या उतारावर साहेब स्वतः हजर होते. दोन माणसं चुन्याने खड्ड्यांच्या जागा आखत होती. साहेबांना आतोबा आलेले बघून फार आनंद झाला. "काका, तुमच्याच पद्धतीने चाललंय सगळं. सरळ ओळी, आधी साफसफाई."

"म्हणूनच आलो," आतोबा म्हणाले. त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि गुडघे टेकून गवतात बसले. तेवढं बसायलाच त्यांना वेळ लागला. मग दोन्ही हातांनी गवत बाजूला सारत ते पुढे सरकू लागले. साहेबांना वाटलं काही पडलंय. तेही वाकले. "काय हरवलं, काका?"

"डोंगर," आतोबा म्हणाले. मग एकदम थांबून माझ्या बुटाकडे बोट दाखवत, "अरे, जरा पाय उचल."

मी पाय उचलला. बुटाखाली बोटभर पाइन होतं, एका बाजूला दबलेलं. माझ्या पदवीचा विषय वनस्पतिशास्त्र होता हे इथे पुन्हा सांगायला हवं असं नाही. आतोबांनी ते दोन बोटांनी सरळ केलं. त्याच्या पलीकडे आणखी एक होतं, त्याच्या पलीकडे तीन. एक चुन्याच्या फुलीच्या बरोबर मधोमध होतं.

मग जमिनीवर बसल्याबसल्याच त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. मजूर, खुरटं, हुकूम, जास्त भरलेली रोपं. काही गाळलं नाही. उलट हातगुणाची गोष्ट त्यांनी पूर्वीइतकीच रंगवून सांगितली, फक्त शेवट बदलला. साहेब आधी अवघडले, मग त्यांना हसू आवरेना, मग ते गंभीर झाले. "म्हणजे इथे काहीच करायचं नाही?"

"मेंढ्यांसाठी कुंपण घाला, आणि बाकी वेळ खुर्चीत बसून काढा. खात्यात याची सवय असलेली माणसं मिळतील."

"पण काका, वरती काय कळवू? लावणी दाखवायला नको का?"

"आकडा हवा असेल तर तीन हिवाळ्यांनी मोजून कळवा. शंभराच्या वर जाईल. तो तुम्ही कमी करून घ्या, तुमच्या आधीच्यांनी केला होता."

साहेबांनी आखणी थांबवली. कायमची की अहवाल हातात पडेपर्यंत, ते तेव्हा सांगितलं नाही. आतोबांना उठवायला आम्हाला दोघांना हात द्यावा लागला. कपडे झाडताना साहेब जरा संकोचून म्हणाले, "आणि पाटीचं काय करू? पत्रा कापून तयार आहे. फक्त अक्षरं राहिलीत."

आतोबांनी थोडा विचार केला. "लिहा, 'हे वन कोणीही लावलेले नाही. कृपया उपटू नये.'"

घरी येऊन आत्याने 'मर्यादित' हा शब्द खोडला. साहेबांनी अहवाल वर पाठवला, कुंपण मंजूर झालं, खड्डे रद्द झाले. पत्रा वाया जाऊ नये म्हणून खात्याने पाटीही लावली. आम्ही तिघं मुद्दाम बघायला गेलो. मोठ्या अक्षरांत, रस्त्यावरून वाचता येईल असं लिहिलं होतं: 'येथे कचरा टाकू नये.'

आतोबांनी ते दोनदा वाचलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "यात चूक काढता येणार नाही." आणि आत्याचा हात धरून वर चढायला लागले. गिरमीट आणि शिदोरी, दोन्ही नेहमीप्रमाणे माझ्या खांद्यावर.